वाचायला खुले, वापरायला बंद! शैक्षणिक लेखनाचा परवाना निवडताना

मराठी पुस्तकाचे दुसरे पान उघडले, की मुद्रकाच्या नावाच्या आसपास एक ओळ हमखास आढळते : ‘सर्व हक्क स्वाधीन’. छापील पुस्तकांच्या काळात या ओळीने वाचकाची फारशी अडचण होत नसे. पुस्तक विकत घ्यावे किंवा ग्रंथालयातून आणावे आणि वाचावे, इतकाच त्याचा संबंध. आता प्राध्यापक आपली टिपणे महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवतात, पीएच.डी.चे प्रबंध महाजालावर उपलब्ध होतात, परिसंवादांतील निबंध पीडीएफच्या रूपाने हातोहात फिरतात. आपले लेखन जास्तीत जास्त विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावे, ही त्यामागची लेखकाची इच्छा असते. मात्र ही इच्छा आणि कायदा यांत मोठे अंतर आहे आणि ते अंतर अनेकदा खुद्द लेखकाच्याच लक्षात आलेले नसते.

समजा, सोलापूरच्या एका प्राध्यापिकेने सहकार आणि बँकिंग या विषयावर मराठीत शंभर पानांची टिपणे लिहिली आणि ती सर्वांसाठी महाजालावर ठेवली. नांदेडच्या एका शिक्षकाला त्यातील दोन प्रकरणे आपल्या जिल्ह्यातील उदाहरणे घालून नव्याने मांडायची आहेत आणि इतर शिक्षकांना द्यायची आहेत. पणजीतील एका अभ्यासकाला त्यांचा कोकणी अनुवाद करायचा आहे. बेळगावच्या एका छोट्या प्रकाशकाला ती स्वस्त पुस्तिकेच्या रूपात छापायची आहेत. मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्या स्वयंसेवकाला त्यातील परिच्छेद आणि आकृत्या हव्या आहेत. या चौघांनाही टिपणे फुकट वाचता येतात. ती वापरण्याची परवानगी मात्र एकालाही नाही. प्राध्यापिकांनी ती नाकारलेली नाही. त्यांनी ती दिलेली नाही, एवढेच. कायद्याच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच.

मौन म्हणजे नकार

भारतातील कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. या कायद्याखाली हक्क मिळवण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, वर्तुळातील ‘सी’ हे चिन्हही छापावे लागत नाही. लेखन कागदावर किंवा संगणकावर उतरले, की हक्क आपोआप अस्तित्वात येतो. प्रती काढणे, त्या लोकांपर्यंत पोहोचवणे, अनुवाद करणे, रूपांतर करणे या सर्व गोष्टी हक्कधारकाच्या परवानगीवर अवलंबून असतात. लेखनाच्या शेवटी काहीच लिहिले नाही, तर त्याचा अर्थ ‘कोणीही वापरावे’ असा होत नाही. ‘विचारल्याशिवाय वापरू नये’ असाच होतो.

या हक्काची मुदतही दीर्घ आहे. लेखकाची हयात आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे इतका काळ हे संरक्षण टिकते. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. १९४१ मध्ये निधन झालेल्या रवींद्रनाथ टागोरांचे साहित्य सर्वांसाठी खुले होण्याची वेळ आली, तेव्हा १९९२ मध्ये ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात कार्य केलेले इतिहासकार व गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे निधन १९६६ मध्ये झाले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनावरील भारतातील हक्काची मुदत या हिशेबाने ३१ डिसेंबर २०२६ रोजी संपते.

आज चाळिशीत असलेल्या प्राध्यापकाने लिहिलेले टिपण, तो ऐंशी वर्षे जगला असे धरल्यास, सुमारे शंभर वर्षे बंदिस्त राहील. त्यातील शेवटची साठ वर्षे परवानगी मागायची, तर त्याचे वारस शोधत फिरावे लागेल. कादंबरीकाराच्या वारसांना या मुदतीतून काही मिळकत होते. अभ्यासक्रमावरच्या टिपणांतून नातवंडांना काय मिळणार, हा प्रश्नच आहे.

सवलत आहे, पण मर्यादित

अर्थात, कायद्याने शिक्षणाला काही सवलती दिल्या आहेत. कलम ५२ नुसार खासगी अभ्यास, संशोधन, टीका आणि समीक्षा यांसाठी लेखनाचा रास्त वापर करता येतो. शिक्षक किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात काढलेल्या प्रतींनाही संरक्षण आहे. या सवलतीची कसोटी दिल्ली विद्यापीठातील गाजलेल्या झेरॉक्स खटल्यात लागली. विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानात अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांच्या संचाच्या प्रती विद्यार्थ्यांना मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशनसंस्थांनी २०१२ मध्ये त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. सप्टेंबर २०१६ मध्ये एकसदस्यीय न्यायपीठाने त्यांचा दावा फेटाळला. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले. मात्र अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या प्रती काढण्यास पानांची ठरावीक मर्यादा नाही, ही भूमिका कायम राहिली. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

विद्यार्थ्यांना दिलासा देणारा हा निकाल होता. तथापि त्याचा आवाका वर्ग आणि अध्यापन यांच्यापुरता आहे. अनुवाद करून तो प्रसिद्ध करणे, सुधारित आवृत्ती महाजालावर ठेवणे किंवा ज्ञानकोशात मजकूर घेणे यांना त्यातून परवानगी मिळत नाही. म्हणजे उदाहरणातील चौघे या निकालानंतरही दाराबाहेरच राहतात.

केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेचेही तसेच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने या योजनेसाठी तीन वर्षांकरिता ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांमध्ये वाचता यावीत, हा तिचा हेतू आहे. वाचनाची सोय त्यातून निश्चितच झाली. मात्र वाचण्याचा प्रवेश आणि वापरण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट पैसे मोजून विकत घेता येते. दुसरी लेखकाने किंवा हक्कधारकाने द्यावी लागते.

परवान्यांचा जन्म

ही दुसरी गोष्ट सोपी करण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. एरिक एल्ड्रेड नावाचे गृहस्थ मुदत संपलेली जुनी पुस्तके महाजालावर मोफत ठेवत. १९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कॉपीराइटची मुदत आणखी २० वर्षांनी वाढवली आणि त्यांचे काम अडले. कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी त्यांच्या बाजूने लढवलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २००३ मध्ये सात विरुद्ध दोन अशा मतांनी ते हरले. मात्र न्यायालयात दाद मागत असतानाच लेसिग, एल्ड्रेड आणि संगणकशास्त्रज्ञ हॅल अॅबलसन यांनी २००१ मध्ये ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ही संस्था उभी केली. कायदा बदलत नसेल, तर कायद्याच्या चौकटीतच लेखकाने आपल्या हक्कातील काही वाटा स्वखुशीने लोकांना द्यावा, ही त्यामागची कल्पना. या संस्थेचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झाले. भारतात जानेवारी २००७ मध्ये मुंबईच्या आयआयटीत त्यांचा औपचारिक प्रारंभ झाला. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेली ४.० ही आवृत्ती आंतरराष्ट्रीय असून प्रत्येक देशासाठी वेगळा मसुदा करण्याची गरज तिने संपवली.

खुल्या परवान्याने कॉपीराइट सोडला जात नाही, हे येथे आवर्जून लक्षात घ्यायला हवे. हक्क लेखकाकडेच राहतो. ‘या अटी पाळा आणि वापरा, मला वेगळे विचारू नका,’ असे तो जगाला एकदाच सांगून ठेवतो, इतकेच.

चार अटी, सहा परवाने

या परवान्यांत एकंदर चार अटी आहेत. पहिली श्रेयनिर्देशाची, तिला ‘बाय’ म्हणतात. मूळ लेखकाचे नाव, परवान्याचा उल्लेख आणि काही बदल केला असल्यास तसे सांगणे बंधनकारक असते. ही अट सहाही परवान्यांत आहे. दुसरी समान वाटपाची, म्हणजे ‘एसए’. मजकुरावर आधारित नवी कृती तयार केली, तर तीही त्याच परवान्याखाली खुली ठेवावी लागते. तिसरी अव्यापारी वापराची, म्हणजे ‘एनसी’. चौथी बदलास मनाईची, म्हणजे ‘एनडी’. मजकूर आहे तसा वाटता येतो, मात्र त्यात फेरफार करून तो प्रसिद्ध करता येत नाही.

या चार अटींच्या जुळणीतून सहा परवाने तयार होतात. सीसी बाय हा सर्वांत मोकळा, तर सीसी बाय-एनसी-एनडी हा सर्वांत आवळलेला. याखेरीज २००९ पासून ‘सीसी शून्य’ हे साधनही आहे. त्यात श्रेयाची अटही उरत नाही. सांख्यिकी माहितीसाठी ते उपयोगी पडते. निबंध, पुस्तके यांसाठी सहसा वापरले जात नाही.

परवाना निवडणे म्हणजे प्रामुख्याने दोन प्रश्नांची उत्तरे देणे : व्यापारी वापराला परवानगी आहे का? बदलाला परवानगी आहे का? प्रश्न सोपे वाटतात आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. दोन्हींना ‘नाही’ म्हणणे सुरक्षित वाटते. कोणी आपल्या श्रमावर पैसे कमावू नयेत आणि कोणी आपल्या वाक्यांची मोडतोड करू नये, असे कोणाला वाटणार नाही? मात्र या दोन ‘नाहीं’ची किंमत कोण मोजतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

‘अव्यापारी’ म्हणजे नेमके काय?

एनसी अट वापरकर्ता कोण आहे, हे पाहत नाही. वापराचा हेतू पाहते. व्यापारी लाभ किंवा आर्थिक मोबदला हे ज्याचे प्रमुख उद्दिष्ट नाही, तो वापर अव्यापारी, अशी तिची व्याख्या आहे. शाळेत वाटलेल्या प्रती अव्यापारी ठरतात, यात शंका नाही. पण शुल्क घेणाऱ्या खासगी क्लासने वाटलेल्या प्रतींचे काय? देणगीमूल्य घेऊन अंक विकणाऱ्या विश्वस्त संस्थेचे काय? जाहिरात असलेल्या संकेतस्थळाचे काय? या प्रश्नांना सरसकट उत्तर नाही. मग सावध माणूस मजकुराला हातच लावत नाही.

अमेरिकेत हा वाद थेट न्यायालयात गेला. ‘ग्रेट माइंड्स’ या ना-नफा संस्थेने आपले गणिताचे शालेय साहित्य बाय-एनसी-एसए परवान्याखाली खुले केले होते. शाळांनी त्याच्या प्रती फेडेक्सच्या दुकानांतून पैसे देऊन काढून घेतल्या. दुकानाने नफा कमावला, म्हणजे वापर व्यापारी झाला, असा दावा संस्थेने केला. अपील न्यायालयाने २०१८ मध्ये तो अमान्य केला. शाळांचा वापर अव्यापारी आहे आणि दुकान केवळ त्यांच्या सांगण्यावरून प्रती काढते, असे न्यायालयाने म्हटले. ऑफिस डेपो या दुसऱ्या कंपनीविरुद्धच्या दाव्यातही २०१९ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने तसाच निर्णय दिला. हे निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाहीत. मात्र एवढीशी अट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यालाही वादात ओढू शकते, हे त्यातून दिसले.

उदाहरणातील टिपणांना एनसी अट लावली, तर बेळगावचा प्रकाशक बाद होतो. त्याला परवानगी मागता येईल, हे खरे. पण ती मागण्या-देण्याची कटकट टाळणे हाच तर खुल्या परवान्याचा उद्देश. बड्या प्रकाशनसंस्था मराठी टिपणांच्या वाटेला जाण्याची शक्यता कमीच. मजकूर छापील स्वरूपात खेडोपाडी नेणारा असतो तो छोटा प्रकाशकच आणि त्यालाही कागदाचे, छपाईचे पैसे सुटावे लागतात. विकिपीडियाचे दारही बंद होते. तेथील मजकूर बाय-एसए परवान्याखाली असतो आणि एनसी किंवा एनडी अट असलेला मजकूर त्यात सामावून घेता येत नाही.

याचा अर्थ एनसी अट निरुपयोगी आहे, असा नव्हे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मुक्त अभ्यासक्रमांनी बाय-एनसी-एसए हाच परवाना स्वीकारला. पीएच.डी. प्रबंधांच्या ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहानेही तोच पत्करला. प्रबंधाचे पुढे पुस्तक करण्याचा मानस असेल, त्याच्या मानधनावर लेखकाची भिस्त असेल, तर ही अट रास्त ठरते. ज्यांना विक्रीतून एक पैचीही अपेक्षा नाही, त्यांनी मात्र ती केवळ सवयीने लावू नये.

अनुवादाला मनाई परवडेल?

मराठीच्या दृष्टीने अधिक गंभीर अट ‘बदलास मनाई’ ही आहे. कायद्याच्या भाषेत अनुवाद हे रूपांतरच. त्यामुळे एनडी परवान्याखालील इंग्रजी निबंधाचा मराठी अनुवाद लेखकाला विचारल्याशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. मराठी निबंधाचा हिंदी, कन्नड किंवा कोकणी अनुवादही नाही. ४.० आवृत्तीनुसार स्वतःपुरता अनुवाद करून ठेवता येतो, पण तो वाटता येत नाही. विज्ञान, वैद्यक, कायदा या विषयांत मराठी वाचकापर्यंत ज्ञान पोहोचते ते बव्हंशी अनुवादातून. एनडीची दोन अक्षरे नेमकी ही वाट अडवतात.

एनडी निवडणाऱ्यांची भीती विपर्यासाची असते. आपल्या नावावर कोणी भलतेच काही खपवले तर? मात्र या भीतीवर इतर उपाय उपलब्ध आहेत. साधा सीसी बाय परवानाही बदल केल्यास तसे नमूद करणे सक्तीचे करतो. मूळ लेखकाचा त्या बदलाला पाठिंबा असल्याचे भासवता येत नाही. लेखकाने मागणी केल्यास बदललेल्या आवृत्तीतून त्याचे नाव, शक्य तितपत, काढून टाकावे लागते. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार, प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क लेखकाला आहे.

वाङ्मयचौर्याच्या भीतीचेही तसेच. दुसऱ्याचा मजकूर स्वतःच्या नावावर खपवणे कोणत्याही परवान्याखाली अनुज्ञेय नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये त्याविरुद्ध स्वतंत्र विनियमही केले. चोरी करणारा परवाना वाचून चोरी करत नाही. परवान्याच्या अटींनी अडतो तो प्रामाणिक वापरकर्ता. उलट मजकूर जितका उघड आणि शोधता येण्याजोगा, तितकी उचलेगिरी पकडली जाण्याची शक्यता अधिक.

एनसी आणि एनडी या दोन्ही अटी एकत्र लावल्या, तर उदाहरणातील चौघांचे काय होते? शिक्षकाला बदल करून प्रकरणे वाटता येत नाहीत, अभ्यासकाला अनुवाद प्रसिद्ध करता येत नाही, प्रकाशकाला छापून विकता येत नाही आणि विकिपीडियाला मजकूर घेता येत नाही. चौघेही पुन्हा दाराबाहेर. मजकुरावर खुल्या परवान्याचे चिन्ह तेवढे झळकत राहते!

मधली वाट

मग निवडावे तरी काय? संशोधन निबंधांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय प्रवाह सीसी बायकडे झुकलेला आहे. फेब्रुवारी २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने लेखकाला आपल्या कामाच्या अभंगतेवर नियंत्रण आणि योग्य श्रेय मिळावे, त्यापलीकडे बंधने नसावीत, अशी भूमिका मांडली. दहा वर्षांनी त्याच चळवळीने सीसी बायची शिफारस केली. युरोपातील निधी देणाऱ्या अनेक संस्थांनी २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘प्लॅन एस’मध्येही त्याच परवान्याला अग्रक्रम मिळाला.

पाठ्यपुस्तके, टिपणे, शब्दकोश, ज्ञानकोश यांसाठी मात्र बाय-एसए हा अनेकांना मानवणारा पर्याय आहे. यात व्यापारी वापराला मुभा आहे. मात्र पुस्तिका छापणाऱ्याला ती इतरांसाठी बंद करता येत नाही. त्यातील मजकुरात भर घातली, तर ती भरही सर्वांसाठी खुली राहते. आपल्या फुकट दिलेल्या मजकुरावर दुसऱ्याने कुंपण घालू नये, ही बहुतेक लेखकांची खरी अपेक्षा असते आणि ती एनसीपेक्षा एसए अट अधिक नेमकेपणाने पूर्ण करते. केंद्र सरकारने २०१३ मध्ये सुरू केलेल्या मुक्त शैक्षणिक साधनांच्या राष्ट्रीय भांडारासाठी हाच परवाना निवडला होता.

शेजारच्या गोव्यातील उदाहरण याबाबत बोलके आहे. गोवा विद्यापीठाने तयार केलेला कोकणी विश्वकोश चार खंडांचा. तो ग्रंथालयांच्या कपाटांत होताच. २०१३ मध्ये विद्यापीठाने तो बाय-एसए परवान्याखाली खुला केला. परिणामी त्यातील नोंदी कोकणी विकिपीडियासाठी वापरण्याची, सुधारण्याची आणि अन्य भाषांत नेण्याची मोकळीक कोणालाही मिळाली. विद्यापीठाने विश्वकोशावरील आपला हक्क गमावला नाही. गमावले असेलच, तर परवानगीचे अर्ज निकालात काढण्याचे काम!

आधी हक्क कोणाचा, ते पाहा

परवाना कोणता, या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न येतो : परवाना देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे का? नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, कलम १७ नुसार नोकरी देणाऱ्याकडे जातो. प्राध्यापकाचे स्वतंत्र लेखन त्यात मोडते की नाही, हे नेमणुकीच्या अटी आणि संस्थेचे बौद्धिक संपदा धोरण यांवर अवलंबून असते. सहलेखक असतील, तर सर्वांची संमती हवी. मजकुरात दुसऱ्याचे छायाचित्र, नकाशा किंवा आकृती परवानगीने घेतली असेल, तर ती वगळून उरलेल्या भागालाच परवाना लागू होतो आणि तसे स्पष्ट लिहावे लागते.

सर्वांत मोठा अडसर असतो तो प्रकाशकाशी झालेल्या कराराचा. नियतकालिकात निबंध स्वीकारला जातो, लेखक आनंदाच्या भरात हक्क हस्तांतरणाच्या कागदावर सही करतो आणि त्या क्षणापासून स्वतःच्याच निबंधाला खुला परवाना देण्याचा त्याचा अधिकार संपुष्टात येतो. हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. करारात मुदत नसेल, तर ते पाच वर्षांपुरते आणि प्रदेश नमूद नसेल, तर भारतापुरते धरले जाते, असे कलम १९ सांगते. मात्र बडे प्रकाशक या जागा सहसा मोकळ्या ठेवत नाहीत.

एक बारकावा आणखी आहे. काही करारांत कॉपीराइट लेखकाच्या नावे राहतो, निबंध बाय-एनसी-एनडीखाली खुलाही होतो, मात्र व्यापारी वापराचा आणि अनुवादाचा अनन्य अधिकार प्रकाशकाला दिलेला असतो. म्हणजे एनसी अटीमुळे जो व्यापार अडतो, तो इतरांचा, प्रकाशकाचा नव्हे. टेलर अँड फ्रान्सिसची मालक कंपनी इन्फॉर्मा हिने मे २०२४ मध्ये आपल्या मजकुराचा कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापर करू देण्याचा करार मायक्रोसॉफ्टशी केल्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्याला विचारलेच नाही, अशी नाराजी अनेक लेखकांनी व्यक्त केली. हक्क ज्याच्याकडे, निर्णय त्याचा, हे त्या प्रसंगातून पुन्हा अधोरेखित झाले.

परतीचा मार्ग नाही

खुला परवाना एकदा दिला, की मागे घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. लेखक आपल्या संकेतस्थळावरून मजकूर काढू शकतो किंवा नव्या आवृत्तीला वेगळा परवाना लावू शकतो. मात्र ज्यांच्या हाती जुनी प्रत आहे, त्यांचे अधिकार अबाधित राहतात. अटी मोडणाऱ्याचा परवाना मात्र आपोआप संपतो. चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली, तर तो आपोआप पुन्हा लागू होतो. म्हणूनच घाई न करता विचारपूर्वक निवड करणे श्रेयस्कर. आवळलेला परवाना पुढे सैल करता येतो. सैल परवाना आवळता येत नाही. एनसीने सुरुवात करून पुस्तकाची विक्री थंडावल्यावर बाय-एसएकडे वळणे शक्य आहे. उलट प्रवास शक्य नाही.

परवाना देण्यापूर्वी...

* हक्क आपलाच आहे ना, हे संस्थेचे धोरण आणि प्रकाशकाचा करार वाचून तपासा. सही करण्यापूर्वी वाचा, नंतर नव्हे.
* सहलेखकांची संमती लेखी घ्या. इतरांची छायाचित्रे, आकृती, नकाशे यांची वेगळी नोंद करा.
* मजकूर कोणी वापरावा, असे वाटते? शिक्षक, अनुवादक, छोटा प्रकाशक, विकिपीडिया यांपैकी कोणाला अडवायचे आहे, ते ठरवा. कोणालाच नसेल, तर बाय किंवा बाय-एसए.
* विक्रीतून उत्पन्नाची खरोखर अपेक्षा असेल, तरच एनसी निवडा.
* अनुवाद व्हावा असे वाटत असेल, तर एनडी टाळा.
* परवान्याचे पूर्ण नाव, आवृत्ती क्रमांक आणि दुवा मजकुराच्या पहिल्याच पानावर द्या. पीडीएफ संकेतस्थळापासून तुटून फिरते. परवाना केवळ संकेतस्थळावर लिहिला, तर प्रत हातात पडलेल्याला तो कळत नाही.
* ‘हे लेखन क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश-समान वाटप ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली उपलब्ध आहे,’ एवढे एक वाक्य आणि त्याखाली लेखकाचे नाव व वर्ष पुरेसे आहे.

सोलापूरच्या त्या प्राध्यापिकांनी हे एक वाक्य पहिल्या पानावर लिहिले असते, तर नांदेड, पणजी आणि बेळगाव येथून येणाऱ्या प्रत्येक पत्राला उत्तर देण्याची गरज उरली नसती. मुळात अशी पत्रे फारशी येतच नाहीत. परवानगी कोणाकडे मागायची, ती मिळेल का, किती दिवस लागतील, या विचारानेच बहुतेक जण माघार घेतात आणि आपले लेखन कोणाच्या उपयोगी पडू शकले असते, हे लेखकाला कधी कळतही नाही. आपल्या टिपणाची पीडीएफ महाजालावर चढवताना ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळ केवळ सवयीने लिहिली जात नाही ना, हे प्रत्येक अभ्यासकाने म्हणूनच एकदा तपासून पाहायला हवे.